बावन्न रुपये चार आणे सहा पै: गिरणगावात स्वस्तात राहणं

पुण्यात पीएचडीला यायचं ठरलं की विषय, गाईड, प्रवेश परीक्षा या सगळ्याच्या आधी एक प्रश्न येतो: राहायचं कुठे, आणि ते परवडणार का? मला महिन्याला दोन-तीन जण तरी हे विचारतात. मी मांजरी बुद्रुकला राहते. तिघी मिळून एक वन-बीएचके, कॉट बेसिसवर, जेवणाचा डबा बाहेरून. एका बाजूला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, दुसरीकडे द्राक्ष संशोधन केंद्र, शेतकऱ्यांचा उपबाजार, हडपसरच्या कंपन्या आणि पुणे-दौंड लाईनवरचं स्टेशन. त्यामुळे आमच्या गल्लीत मराठवाड्याचा, विदर्भाचा, बिहारचा असा सगळा माणूस सापडतो. कालपर्यंत जिथे ऊस होता तिथे आज भाड्याच्या खोल्या आहेत. भाड्याचे आकडे मी इथे देत नाही, ते सहा महिन्यांत शिळे होतात.

त्याऐवजी 'स्वस्तात राहणं' हे दोनच शब्द उचलून शंभर वर्षं मागे जाऊ. माझं एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीत झालं आणि पीएचडी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या आहारावर चालू आहे, म्हणून हा प्रश्न माझ्या अगदी शेजारचा आहे. आणि तुम्हाला संशोधन करायचंय, तर एखाद्या साध्या शब्दाच्या आत किती माणसं दडलेली असतात हे बघायला गिरणगावाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

आधी आकडे, मग माणसं.

१९२३ साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने एक अहवाल छापला. लेखक जी. फिंडले शिरास, त्या ऑफिसचे संचालक. मे १९२१ ते एप्रिल १९२२ या काळात त्यांच्या लोकांनी मुंबईतल्या २,४७३ कामगार कुटुंबांचे आणि ६०३ एकट्या पुरुषांचे महिन्याचे हिशेब गोळा केले. घरोघरी जाऊन, काय खाता, किती खाता, भाडं किती, कर्ज किती. भारतात इतक्या मोठ्या प्रमाणावर कामगारांचा घरखर्च मोजण्याचे जे पहिले प्रयत्न झाले त्यांतला हा एक. कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न निघालं ५२ रुपये ४ आणे ६ पै.

आता खर्चाकडे बघा. दर शंभर रुपयांतले ५६.८ अन्नावर, ७.४ सरपण आणि दिवाबत्तीवर, ९.६ कपड्यांवर, १८.५ किरकोळ. आणि घरभाडं? ७.७. पुन्हा वाचा, ७.७ टक्के. आज तुमच्यापैकी जे फेलोशिपवर आहेत त्यांनी स्वतःचं भाडं स्वतःच्या महिन्याच्या खर्चाने भागून बघावं. हा आकडा पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, वा, काय दिवस होते! मुंबईत, गिरणीपासून चालत जायच्या अंतरावर, खर्चाच्या तेराव्या हिश्शात घर!

पण त्याच अहवालात दोन गोष्टी आणखी आहेत. पहिली: या कुटुंबांपैकी ९७ टक्के एका खोलीत राहत होती. दुसरी माझ्या विषयाच्या गाभ्यातली आहे. शिरास यांनी कामगारांच्या धान्याचं प्रमाण दोन सरकारी कागदांशी ताडून पाहिलं. एक दुष्काळ संहिता, म्हणजे दुष्काळी कामावर आलेल्या माणसाला जगवायला किती धान्य द्यायचं ते. दुसरं मुंबई जेल मॅन्युअल, म्हणजे कैद्याचा शिधा. निष्कर्ष असा निघाला की कामगाराला दुष्काळ संहितेत दिलेल्या कमाल मर्यादेइतकं धान्य मिळतं, पण तुरुंगातल्या कैद्यापेक्षा कमी मिळतं. सरकारी माणसाने सरकारी अहवालात हे लिहिलंय. यावर त्या काळी बरीच चर्चा झाली.

इथे एक सवय लावून घ्या. तक्त्यात कोणताही आकडा खूप छोटा दिसला, तर त्याच तक्त्यात कुठला आकडा त्यामुळे मोठा झालाय ते शोधा. भाडं ७.७ टक्के आहे कारण अन्नच निम्म्याहून जास्त खातंय, आणि तरीही ते पोटभर नाही. खोलीत माणसं दाटीने राहिली नसती, तर हा ७.७ टिकलाच नसता.

दुसरी सवय: सरासरी कोणाची, हे विचारा. शिरास यांनी कुटुंबं आणि एकटे पुरुष वेगळे मोजले, आणि ते बरंच केलं म्हणायचं. कारण १९२१ च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या दर शंभर माणसांतली ८४ मुंबईबाहेर जन्मलेली होती. सगळ्यांत मोठा लोंढा रत्नागिरी जिल्ह्याचा (तेव्हाचा रत्नागिरी म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यातच), मग सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर. घाटावरचा तो घाटी आणि कोकणातला तो कोकणी, चाकरमानी. बायको-पोरं गावी, शेताचा तुकडा गावी, म्हातारे आईबाप गावी, आणि हा मुंबईत. त्याचा हिशेब शहरात सुरू होतो आणि पोस्टाच्या मनीऑर्डरने गावात संपतो. 'कोकणची मनीऑर्डर अर्थव्यवस्था' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. तिची दुसरी बाजू कमी बोलली जाते. गाव फक्त पैसे घेत नव्हतं, देतही होतं. मुलं वाढवणं, आजारपण, बाळंतपण, म्हातारपण, संपाच्या काळातला आसरा, हे सगळं गावाच्या खात्यावर पडायचं. गिरणीमालकाला मजूर स्वस्त पडला तो यामुळे, आणि मजुराला मुंबई स्वस्त पडली तीही यामुळेच.

मग हे एकटे पुरुष राहायचे कुठे? 'गाळा' हा शब्द लक्षात ठेवा. दहा बाय बाराची, कधी थोडी मोठी खोली. एकाच गावचे लोक मिळून ती भाड्याने घेत. तिला गावकीची खोली म्हणत, गावमंडळाची खोली म्हणत. दिवसपाळीचे कामाला गेले की रातपाळीचे त्याच वळकट्या पसरून झोपत. भिंतीला फळी, फळीवर प्रत्येकाची ट्रंक, कोपऱ्यात ग्रामदेवतेचा फोटो. बहुतेकांचं अंथरूण रात्री गॅलरीत किंवा फूटपाथवर. वर्गणी ठरलेली, पाणी भरायची पाळी ठरलेली. एखादा रिटायर होऊन गावी गेला की त्याची जागा मुलाला नाहीतर पुतण्याला. म्हणजे ही खोली भाड्याची होती पण तिच्यातली जागा वंशपरंपरेची होती! आजरा, चंदगड भागातल्या गावमंडळांच्या अशा खोल्या लालबाग-परळमध्ये गिरण्या बंद पडल्यानंतरही राहिल्या. नोकरीला, परीक्षेला, टाटा हॉस्पिटलला आलेला गावचा माणूस तिथे उतरायचा.

शहरात पहिली खोली मिळायला ओळख लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. मांजरीत आमची खोलीही गावाकडच्या ओळखीनेच मिळाली. फरक इतकाच, की आमच्याकडे अकरा महिन्यांचा करार असतो.

आता जेवण. ही जागा माझ्या आवडीची आहे, त्यामुळे इथे जरा जास्त थांबते.

एका खोलीत दहा-बारा पुरुष, आणि स्वयंपाक कोणालाच करायचा नाही. तर ते जेवायला जायचे खानावळीत. खानावळ म्हटल्यावर डोळ्यांसमोर पाटी, टेबलं, गल्ल्यावर बसलेला मालक येत असेल तर ते पुसून टाका. गिरणगावातली खानावळ म्हणजे बहुतेकदा त्याच चाळीतली एक खोली आणि तिथली एक बाई. नवरा गिरणीत, किंवा आजारी, किंवा वारलेला, किंवा सोडून गेलेला. ती पहाटे उठून दहा, पंधरा, वीस जणांच्या भाकऱ्या थापते. सकाळच्या पाळीवाल्यांचे डबे आधी, मग घरी येऊन जेवणारे, मग रातपाळी. पैसे महिन्याने, पगार झाल्यावर. तोपर्यंत धान्य वाण्याकडून उधार. रविवारी मटण किंवा मासे. खाणारा आपल्याच भागातला, त्यामुळे मालवणी बाईकडे मालवणी, घाटावरच्या बाईकडे घाटी जेवण. पोटाला आणि जिभेला दोघांनाही गाव मिळे.

या बायका कुठून आल्या, याचं एक उत्तर गिरणीतच आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचांतली एक कामगार बाई होती. मग रात्रपाळीवर बंदी, १९२९ चा प्रसूती लाभ कायदा, यंत्रांची फेररचना असं एकेक येत गेलं. यातले कायदे बायकांच्या भल्यासाठीचेच होते, पण मालकांनी त्यावर तोडगा काढला तो बायका कमी घेण्याचा. १९७० च्या दशकापर्यंत गिरणीत बाई शोधावी लागे. गिरणीतून बाहेर पडलेली बाई चुलीपुढे आली, आणि तिच्या चुलीवर गिरणी चालत राहिली.

आता शिरास यांचे तक्ते पुन्हा उघडा आणि तिला शोधा. एकट्या पुरुषाच्या हिशेबात ती 'अन्नाचा खर्च' म्हणून आहे. तिच्या स्वतःच्या कुटुंबाच्या हिशेबात ती घरातली एक बाई आहे. तिचे तास कुठेच नाहीत. सरपण फुंकायचे, पाणी नळावरून आणायचे, वीस ताटं घासायचे तास. जेवण स्वस्त होतं कारण हे तास कोणी मोजले नाहीत. याला माझ्या गाईडबाई 'रिकामा स्तंभ' म्हणतात. तक्त्यात नसलेला, पण ज्याच्यावर तक्ता उभा आहे तो स्तंभ. तुमच्या विषयातही असा एखादा असणारच, मग तो विषय भूजलाचा असो नाहीतर भाषेचा.

हे तास मोजायचा एक प्रयत्न पुढे झाला, पण तो विद्यापीठातून आला नाही. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आणि मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. खानावळवाल्या बायकांना गटाने एकत्र करून राष्ट्रीयीकृत बँकांकडून कमी व्याजाचं कर्ज मिळवून देणं हे त्याचं पहिलं काम. बँकेत गेल्यावर या बायकांना धंदा करणाऱ्या म्हणून अर्ज भरावा लागला. वीस-वीस वर्षं चूल चालवलेल्या बाईने 'व्यवसाय' या रकान्यात प्रथमच काहीतरी लिहिलं, ही घटना मला कोणत्याही तक्त्याइतकीच मोठी वाटते.

व्याजाचा विषय निघालाच आहे तर तोही बघू. शिरास यांच्या कुटुंबांपैकी ४७ टक्के कर्जात होती. नेहमीचा दर रुपयाला महिन्याला एक आणा. ऐकायला किरकोळ वाटतो. रुपयाचे आणे सोळा, म्हणजे महिन्याला सव्वासहा टक्के, वर्षाला ७५ टक्के. हे गणित शाळेत शिकवायला हवं, असं मला नेहमी वाटतं. देणारे कोण? वाणी, मारवाडी, पठाण, गिरणीतला जॉबर, कधी घरमालकसुद्धा. राजनारायण चंदावरकर या इतिहासकाराने १९९४ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात दाखवलंय की गिरणीतली नोकरी, चाळीतली खोली आणि वाण्याकडची उधारी ही तीन वेगळी जगं नव्हतीच. नोकरी लावणारा जॉबरच खोली बघून देई, वाण्याकडे शब्द टाकी. शेजार म्हणजे पत. आणि हीच पत संपात उपयोगी पडे. १९२८ चा सार्वत्रिक संप सहा महिने चालला. पगाराशिवाय सहा महिने लाखाहून जास्त माणसं जगली ती गावाच्या, वाण्याच्या आणि खानावळवालीच्या उधारीवर. त्यातली किती फिटली असेल, देव जाणे.

आता तुम्ही म्हणाल, दाटी झाली, भूक झाली, कर्ज झालं, मग लोक त्या दिवसांबद्दल इतकं भरभरून का बोलतात? मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन २००४ साली मौखिक इतिहासाचं एक पुस्तक काढलं. शंभर वर्षं, शंभर आवाज असं त्याचं नाव. त्यातली माणसं त्रासाबद्दल बोलतात तितकीच नाटकांबद्दल, भजनांबद्दल बोलतात. आणि ते खोटं नाही.

खोली इतकी लहान की माणूस बाहेरच राहायचा, आणि बाहेर काय काय होतं! कोकणातलं नमन-खेळे, जाखडी म्हणजेच शक्ती-तुरा, डबलबारी भजन, दशावतार. घाटावरचा तमाशा, कुस्तीची तालीम, कलगी-तुरा. परळला सोशल सर्व्हिस लीगचं दामोदर नाट्यगृह १९२२ पासून. ही लीग ना. म. जोशींनी १९११ मध्ये स्थापन केली होती. दिवसा मशीनवर असलेला माणूस रात्री तिथे स्त्रीपार्ट करी. चिंचपोकळीचा गणपती १९२० चा, गणेश गल्लीचा १९२८ चा, लालबागचा १९३४ चा. आज जिथे व्हीआयपी रांग असते, तो उत्सव कोळी आणि बाजारातल्या विक्रेत्यांनी बाजाराला हक्काची जागा मिळावी या नवसातून सुरू केला होता. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं. अण्णा भाऊंच्या 'माझी मैना' या छक्कडीत गावी राहिलेली बायको आणि मुंबईत आलेला नवरा आहे. म्हणजे तोच मनीऑर्डरचा विषय, जो आपण मघाशी टक्क्यांत बघत होतो. माझ्या प्रबंधात मी तिचा पुरावा म्हणून वापर करावा का यावर आमच्या विभागात दोन तट आहेत. मी वापरणार आहे.

हे सगळं फुकट किंवा जवळपास फुकट होतं, वर्गणीवर चालायचं. करमणुकीचा हा खर्च शिरास यांच्या 'किरकोळ' मध्ये मिसळून गेला असणार, पण त्याचं मोल टक्क्यांत येत नाही. नारायण सुर्व्यांना रस्त्यावरून उचलून वाढवलं ते गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने. 'माझे विद्यापीठ' हे संग्रहाचं नाव त्यांनी १९६६ मध्ये ठेवलं तेव्हा ते विद्यापीठ कुठलं हे लालबाग-परळमध्ये कोणाला विचारावं लागलं नाही.

पण सांस्कृतिक समृद्धी म्हटलं की मी लगेच विचारते, दार कोणाला उघडं होतं? गावच्या खोलीत गावचाच माणूस, आणि गावात जी जात-वस्ती तीच चाळीत. अस्पृश्य कामगारांना गिरणीत विणकाम खातं बंद होतं. तिथे पगार जास्त होता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यांचं उष्टं इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. मुंबईत स्वस्तात राहण्याची सोय ज्यांना सगळ्यांत जास्त हवी होती, त्यांना जवळची खोली, जवळचा नळ आणि बरा पगार तिन्ही नाकारले जात.

आणि संशोधक म्हणून तुमच्या सगळ्यांत जवळचं उदाहरण इथेच आहे. आंबेडकर कुटुंब मुंबईत आधी लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होतं. १९१२ पासून १९३४ पर्यंत ते परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत राहिले. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, प्लेगनंतर १८९८ मध्ये निघालेला. म्हणजे कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन, आणि मग महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, या सगळ्या काळात पत्ता गिरणगावातला. लंडनमध्ये दुपारचं जेवण टाळून ते ग्रंथालयात बसत, हे आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं आणि होस्टेलवर एकमेकांना सांगितलेलंही असतं. त्याच महिन्यांत परळच्या खोलीत रमाबाई घर कसं चालवत होत्या हा भाग कमी सांगितला जातो. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' प्रसिद्ध झालं १९२३ मध्ये, शिरास यांचा अहवालही १९२३ चाच. एकात रुपयाचं मोल, दुसऱ्यात रुपयाचे आणे.

थोडं बाहेर जाऊन येऊ. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात १८८६ च्या सुमारास यबोर सिटी ही वस्ती उभी राहिली, सिगार बनवणाऱ्या क्यूबन, स्पॅनिश आणि सिसिलियन कामगारांची. तिथल्या कारखान्यात एक माणूस उंच व्यासपीठावर बसून दिवसभर वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचे, कामगार हाताने तंबाखू वळत ऐकत. त्याला 'लेक्टर' म्हणत आणि त्याचा पगार मालक नाही, कामगार वर्गणी काढून देत. होसे मार्तींनी क्यूबाच्या स्वातंत्र्यासाठी भाषणं दिली ती याच श्रोत्यांसमोर. लोकांची आपापली मंडळं होती, ठरलेल्या वर्गणीत डॉक्टर, औषध, नाच, नाटक. अगदी गावमंडळ! आणि तिथेही दार सगळ्यांना उघडं राहिलं नाही. १९०० च्या सुमारास वर्णभेदाच्या कायद्यांच्या दबावाखाली गोरे आणि काळे क्यूबन वेगळे झाले, काळ्या क्यूबनांनी मार्ती-मासेओ हे आपलं मंडळ काढलं. १९३१ मध्ये मालकांनी लेक्टर काढून टाकले आणि रेडिओ लावले. मायामीचं 'लिटल हवाना' तुम्ही सिनेमात पाहिलं असेल. ते बरंच नंतरचं, १९५९ च्या क्रांतीनंतर आलेल्या निर्वासितांचं. तेही जुन्या, उतरत्या भाड्याच्या वस्तीत वसलं, आणि आता तिथल्या कॉफीची आणि डोमिनोच्या डावांची ख्याती झाल्यावर भाडं चढतंय. तुलना करताना जपून करा, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. क्रांतीनंतर मायामीला आलेला क्यूबन निर्वासित सहज परत जाऊ शकत नव्हता. कोकणी माणूस दर शिमग्याला आणि गणपतीला जाऊ शकत होता, आणि त्या जाण्यावरच त्याचं मुंबईतलं गणित बसलेलं होतं.

सरकारनेही स्वस्त घरांचा प्रयत्न केला, तो थोडक्यात सांगते. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट म्हणजे बीडीडी निघालं. ५० हजार खोल्या बांधायच्या होत्या, कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर लावून. झाल्या सुमारे १६ हजार. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ चाळी, १६० चौरस फुटांची खोली. गंमत म्हणजे वरळीच्या कित्येक चाळी सुरुवातीला रिकाम्या पडून होत्या. भाडं जास्त, गिरणी लांब, आणि ओळखीचा वाणी नाही. १९३० च्या सविनय कायदेभंगात सरकारने तिथे चक्क तुरुंग केला. ज्यांच्या जेवणाची कैद्यांशी तुलना झाली होती त्यांच्यासाठी बांधलेल्या खोल्यांत खरेच कैदी राहून गेले. पुढे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली, मालकांनी डागडुजी सोडली, पागडीचा बाजार सुरू झाला. भाडं स्वस्त राहिलं, घर खचत गेलं.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. या वेळी गाव, वाणी, खानावळ ही साखळीच तुटली, कारण परत जायला नोकरी राहिली नाही आणि उधारी फिटायची आशाही. दामोदर नाट्यगृह शंभरी ओलांडून २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या रहिवाशांना टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० वरून ५००. यावर गळे काढणाऱ्यांनी आधी सकाळी सार्वजनिक संडासाच्या रांगेत महिनाभर उभं राहावं, असं मला वाटतं.

मात्र चाळ रिकामी होताना एक गोष्ट घडते ती आपल्या कामाची आहे. फळीवरच्या ट्रंका खाली येतात. त्यांत गावमंडळाच्या जमाखर्चाच्या वह्या असतात, वर्गणीच्या पावत्या, मनीऑर्डरची कुपनं, खानावळीच्या हिशेबाचे कागद. शिरास यांच्या लोकांनी बाहेरून जाऊन जे विचारलं, ते या वह्यांत आतल्या माणसाने स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलेलं असतं. हे बहुतेक वेळा रद्दीत जातं. तुमच्या घरात आजोबा, पणजोबा, चुलत-आजोबा कोणी मुंबईला गिरणीत असतील, तर या दिवाळीत माळ्यावर चढा. वही सापडली तर झटकू नका, पानं सुटी करू नका, पिना काढू नका. आधी जशी आहे तशी फोनने प्रत्येक पानाचा फोटो काढा, मुखपृष्ठ आणि कोरी पानंसुद्धा. मग घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ ती घेऊन बसा आणि त्यातलं एकेक नाव विचारा. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी त्यांची परवानगी घ्या, आणि खानावळवालीचं नाव विचारायला विसरू नका. वहीत ते बहुतेक 'मावशी' एवढंच असेल.